गुणिले नव्वद!

खिशात स्टुडंट कार्ड, डोक्यावर एज्युकेशन लोन आणि समोर साक्षात इटली. बजेट माणशी २५० युरो, दिवस चार आणि घरी कुणाला पत्ता नाही. अशा ट्रिपमध्ये धमाल येणारच. पण आमची ट्रिप शेवटी जिथे पोचली, ते ठिकाण आमच्या एक्सेल शीटमध्ये नव्हतंच.

परदेशात शिकायला गेलेल्या प्रत्येक भारतीय मुलाला एक आजार होतो. त्याचं नाव ‘गुणिले नव्वद’. कॉफी तीन युरो? म्हणजे दोनशे सत्तर रुपये! एवढ्यात साताऱ्याला आमच्या घरातल्या चौघांचा मिसळ-पाव होऊन वर चहा येतो. केस कापायचे पंचवीस युरो? नको, वाढू देत. सुरुवातीचे काही महिने माणूस भूक लागली की आधी पाढा म्हणतो आणि मग सँडविचकडे बघतो.

मी ऑक्टोबर २०२३ मध्ये म्युनिकला मास्टर्स करायला गेले. जर्मनीचा स्टुडंट व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. त्या वर्षी ती रक्कम होती ११,२०८ युरो, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. तिकडे पोचल्यावर दरमहा त्यातले ९३४ युरो हातात पडतात. निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्यात जातात. उरलेल्यात तुम्ही, तुमचं पोट आणि तुमची स्वप्नं! हे दहा लाख कुठून आले? बाबांनी घराचे कागद बँकेत ठेवले. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क, रिटायरमेंटला दोन वर्षं. हप्ते माझ्या नोकरीनंतर सुरू होणार होते, पण व्याज ते आत्तापासूनच भरत होते. त्यावर ते कधी एक शब्द बोलले नाहीत. प्रॉब्लेम तोच होता.

एक्सेल शीटची स्थापना

जर्मनीत विंटर सेमिस्टरची परीक्षा संपली की एप्रिलपर्यंत बऱ्यापैकी मोकळा वेळ मिळतो. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आलं होतं. हॉस्टेलच्या किचनमध्ये एका संध्याकाळी आम्ही चौघं खिचडीभोवती बसलो होतो. एक नाशिककर, एक कोल्हापूरकर, एक इंदूरची आणि मी. बाहेर पाऊस. तेवढ्यात इंदूरची म्हणाली, ‘‘यार, अपन युरोपात राहून फक्त लायब्ररीच बघायची का?’’

वाक्य साधंच होतं, पण लागलं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं की बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. वेगळा व्हिसा नाही, एम्बसीची रांग नाही. म्युनिकहून रात्रीची बस पकडली की सकाळी व्हेनिस. नाशिककरानं लॅपटॉप उघडला आणि रात्री साडेअकरापर्यंत एक्सेल शीट तयार झाली. व्हेनिस एक दिवस, फ्लॉरेन्स दोन दिवस, रात्रीच्या बसनं परत. ज्या खर्चाला रकाना नाही, तो खर्च करायचा नाही.

कोल्हापूरकर तोपर्यंत गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘‘माझी एकच अट. फ्लॉरेन्समधली एक दुपार माझी. कुठं जायचं ते मी सांगणार. कुणी का म्हणून विचारायचं नाही.’’

आम्हाला वाटलं, फुटबॉलचं स्टेडियम असणार.

घरी मी सांगितलं, ‘‘आई, चार दिवस सबमिशन आहे. लायब्ररीत असेन. फोन नाही उचलला तर काळजी करू नकोस.’’ कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलीनं इटली बघायला जायचं, हे वाक्य मला मराठीत नीट बोलताच येईना.

नव्वद गुणिले नव्वद

व्हेनिस फोटोत दिसतं तसंच आहे, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलात की समोर रस्ताच नाही, सरळ ग्रँड कॅनॉल! शंभरावर छोटी बेटं, चारशेहून जास्त पूल आणि आत गाडी नावाची वस्तूच नाही. मला राजवाड्यांपेक्षा जास्त मजा वाटली ती याची. कचऱ्याची गाडी? बोट. अँब्युलन्स? बोट. कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरपोच चाललं होतं, तेही बोटीतून. सगळं शहर पाण्यावर, पण माणसांच्या कटकटी आपल्यासारख्याच.

आणि मग गोंडोला आला. अर्ध्या तासाचा सरकारी दर ९० युरो. मी पाढा म्हटला, नव्वद गुणिले नव्वद, आठ हजार शंभर! इंदूरचीचा चेहरा उतरला. नाशिककरानं शीट दाखवली, गोंडोलाला रकाना नव्हता.

पण यावर एक भन्नाट तोड आहे. ग्रँड कॅनॉलवर पूल मोजकेच, त्यामुळे काही ठिकाणी माणसांना फक्त या काठावरून त्या काठाला नेणाऱ्या होड्या चालतात. त्यांना ‘त्रागेत्तो’ म्हणतात. होडी गोंडोलाच्याच घराण्यातली, फक्त मखमली खुर्च्या नाहीत. टुरिस्टला दोन युरो. आम्ही चौघं चढलो. डोलत डोलत दोन मिनिटांत पलीकडे. इंदूरचीनं तेवढ्यात सदतीस फोटो काढले. आजही तिच्या मावशीला वाटतं, आम्ही गोंडोलात बसून अख्खं व्हेनिस फिरलो.

जेवणाचा फंडाही तिथेच कळला. इटलीत कॉफी उभ्यानं काउंटरवर प्यायलात तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायलात तर दुसरा. मोक्याच्या चौकात तर हा फरक कित्येक पटींचा असतो. आम्ही चार दिवस उभ्यानंच प्यायलो. नाशिककर म्हणाला, ‘‘अमृततुल्यला तरी कोण बसतं?’’

लाल झालेला रकाना

शनिवारी सकाळी फ्लॉरेन्ससाठी निघालो. फास्ट ट्रेन परवडत नव्हती, म्हणून साध्या गाड्या बदलत बदलत जायचं ठरलं. तिकिटांची जबाबदारी माझ्याकडे. मी मशीनमधून चार कागदी तिकिटं काढली, पर्समध्ये नीट ठेवली आणि खिडकी पकडली.

अर्ध्या तासानं टीसी आला. तिकिटं बघितली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि मान हलवली. तिकिटं बरोबर होती, पण मी ती ‘व्हॅलिडेट’ केली नव्हती. साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची असते. ती छापली नाही तर तेच तिकीट उद्या पुन्हा वापरता येईल, म्हणून दंड. नियम बरोबर होता. चूक माझी होती. मी इंग्रजी, जर्मन आणि शेवटी रडवेला चेहरा, तिन्ही भाषा वापरून बघितल्या. चौघांचा दंड भरावा लागला. माझ्या एकटीच्या हिशेबात ते दोन आठवड्यांचं किराणा सामान होतं.

नाशिककर काही बोलला नाही. फक्त लॅपटॉप उघडून ‘शिल्लक’चा रकाना लाल केला. मला तो रंग बघवेना. मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मनात पाढा सुरू झाला. यात बाबांचं किती महिन्यांचं व्याज गेलं? मी इथे आलेच कशाला? मी म्हटलं, ‘‘सगळा दंड मी भरते. माझ्यामुळे झालं.’’

इंदूरची म्हणाली, ‘‘गप ग. चौघांपैकी एकाला तरी माहीत होतं का ते मशीन? मग चौघांचा दंड.’’

बोलोन्याला गाडी बदलताना नाशिककर सर्वांत आधी धावत गेला आणि चारही तिकिटं मशीनमध्ये घालून आला. परत आल्यावर त्यानं माझ्यासमोर आईनं पाठवलेल्या चिवड्याची पुडी धरली. त्याची माफी मागायची आणि माफ करायची पद्धत एकच आहे.

चर्चच्या दारात बेंदूर

फ्लॉरेन्समध्ये कुठेही उभे राहा, मान वर केली की तो विटकरी घुमट दिसतो. ब्रुनेलेस्कीनं तो १४३६ मध्ये पुरा केला, तोही खालून लाकडी सांगाड्याचा भक्कम आधार न देता. आत एक आणि बाहेर एक अशा दोन घुमटांची रचना आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचलेल्या. वर जायला ४६३ पायऱ्या आणि तीस युरोंचा पास. शिल्लक रकाना आठवला आणि आम्ही खालूनच नमस्कार केला. त्याऐवजी संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवर पिआत्झाले मायकेलअँजेलोला गेलो. तिथून घुमट, आर्नो नदी, पाँते वेक्यो हा जुना पूल, सगळं एका फ्रेममध्ये दिसतं. आणि फुकट!

खरी धमाल रविवारी. त्या रात्री युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली होती. आधीच झोप कमी, त्यात एक तास सरकारनं नेला. तरी डोळे चोळत आम्ही कॅथेड्रलसमोरच्या गर्दीत घुसलो. ईस्टरच्या दिवशी इथे ‘स्कोप्पिओ देल कार्रो’ असतो, म्हणजे गाडा उडवायचा कार्यक्रम. दोनमजली घराएवढा नक्षीदार लाकडी गाडा फटाक्यांनी मढवलेला असतो. आतमध्ये प्रार्थना चालू असताना कबुतराच्या आकाराचा एक छोटा बाण पेटवतात. तो तारेवरून सुसाट चर्चच्या दारातून बाहेर येतो, गाडा पेटवतो आणि पुन्हा आत जातो. कबुतर नीट परत गेलं तर वर्ष चांगलं जाणार, पीकपाणी चांगलं होणार, अशी समजूत.

पण गाडा चौकात आला तेव्हा आमचा कोल्हापूरकर फटाके विसरला. कारण गाडा ओढत होते पांढरेशुभ्र बैल. धिप्पाड. शिंगांजवळ फुलं, अंगावर झूल. तो नुसता टाचा उंचावून बघत राहिला.

‘‘काय जनावर आहे राव! आमच्या बेंदराला असली जोडी निघाली असती तर गल्ली बंद पडली असती. नाद खुळा!’’

शेजारच्या इटालियन आजोबांना शब्द कळले नसतील, पण भाव कळला. त्यांनी बैलांकडे बोट दाखवून अभिमानानं काहीतरी सांगितलं. यानं मराठीत उत्तर दिलं. दोघं पाच मिनिटं गप्पा मारत होते. मग कबुतर सुटलं, कानठळ्या बसल्या, धुराचा लोट उठला आणि सगळा चौक टाळ्या वाजवत सुटला. शेतकऱ्याचं पीक चांगलं यावं म्हणून बैल सजवायचे आणि शहरानं रस्त्यावर उतरायचं. इतक्या लांब येऊन हे बघायला मिळेल, असं वाटलं नव्हतं.

ती एक दुपार

सोमवारी कोल्हापूरकरानं आपली दुपार मागितली. ईस्टरनंतरच्या सोमवारी इटालियन माणसं डबे घेऊन बागेत जातात. आम्हीही कॅशिने नावाच्या बागेत शिरलो. आर्नोच्या काठाकाठानं तीनेक किलोमीटर लांबलचक पसरलेली बाग. आभाळ भरलेलं होतं. पोरांचे फुटबॉल, सायकली, चादरींवर पहुडलेली खानदानं मागे पडत गेली. आम्ही चालतोय, चालतोय. नाशिककर वैतागला, ‘‘अरे, स्टेडियम तर तिकडे आहे!’’

बागेच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे एक छत्री दिसली. आपल्याकडे असते तशी, खांबांवर पेललेली. खाली एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. डोक्याला पगडी, गळ्यात मोत्यांच्या माळा.

‘‘आमचे महाराज,’’ कोल्हापूरकर म्हणाला.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले होते. परत येताना वाटेत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला इथेच गेले. वय वर्षं वीस. तेव्हाच्या इटलीत मृतदेहाचं दहन ही कुणी न पाहिलेली गोष्ट. खास परवानगी काढून रात्रीच्या वेळी, दोन प्रवाहांच्या संगमावर, हिंदू रिवाजानं त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्याच जागी हे स्मारक उभं राहिलं. पुतळा इंग्रज शिल्पकार फुलरचा. तिथून जवळच नदीवरून जो मोठा पूल जातो, त्याचं नावही ‘पाँते अल्ल इंदियानो’. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, म्हणजे रोज कुणीतरी नकळत कोल्हापूरची आठवण काढतं. महाराज प्रवासात डायरी लिहीत होते, तीही इंग्रजीत. १८७२ मध्ये लंडनला ती छापली गेली.

वीस वर्षं! आमच्यातला सर्वांत लहान तेवीसचा होता.

कोल्हापूरकर खाली बसला. सॅकमधून एक कागदाची पुडी काढली. आतमध्ये जोतिबाचा गुलाल. आणि मग, ‘का म्हणून विचारायचं नाही’ अशी अट घालणाऱ्यानं स्वतःच सगळं सांगितलं.

त्याची आजी जानेवारीत गेली. आम्हाला एवढंच माहीत होतं. परीक्षा तोंडावर होती, तिकीट नऊशे युरोंचं होतं. घरच्यांनी सांगितलं, येऊ नकोस, तिचाही जीव तुझ्या शिक्षणातच होता. यानं दिवसकार्य व्हिडिओ कॉलवर बघितलं, हॉस्टेलच्या खोलीत, हेडफोन लावून. दुसऱ्या दिवशी पेपर दिला. निघताना आजीनं ही पुडी दिली होती. म्हणाली होती, ‘‘तिकडं इटलीत आपलं महाराज हायत म्हणं. एकटंच हायत बिचारं. जमलं तर जाऊन ये.’’

‘‘तिला वाटायचं, एवढ्या लांब गेलेल्या माणसाला भेटायला कुणीतरी जायला पाहिजे,’’ तो म्हणाला. ‘‘मी तर तिलाच भेटायला गेलो नाही.’’

आम्ही कुणीच काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? इंदूरचीनं गवतातली चार पांढरी रानफुलं तोडून आणली. त्यानं ती पायथ्याशी ठेवली. गुलाल त्यानं दगडाला लावला नाही, ‘‘जुनं काम आहे, डाग पडेल.’’ त्याऐवजी चिमूट चिमूट आम्हा चौघांच्या कपाळाला लावला. दोनच दिवसांपूर्वी गावाकडे रंगपंचमी झाली होती. आमची ती फ्लॉरेन्सला झाली.

मग मी फोन लावला

का कोण जाणे, मला तिथून घरी फोन करावासा वाटला. व्हिडिओ कॉल. बाबांनी उचलला.

‘‘काय ग, लायब्ररीत झाडं उगवली का?’’

मी सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले, इटलीला आले, दंड भरला. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘मागे काय आहे ते? जरा फोन वळव.’’ मी महाराजांचा पुतळा दाखवला. गोष्ट सांगितली. बाबांनी चष्मा वर केला आणि पडद्याला नमस्कार केला. आईला हाक मारली, ‘‘अगं, ये इकडे लवकर, हे बघ.’’ मग आईही बघून गेली.

मी विचारलं, ‘‘बाबा, रागावलात?’’

‘‘खोटं बोललीस त्याचा राग आहे. तो राहील दोन दिवस,’’ ते म्हणाले. ‘‘फिरल्याचा कशाला येईल? मी तीस वर्षं कालव्यांची बिलं लिहिली, पण साधं कोयनेचं धरण आतून बघायचं राहून गेलं. म्हटलं, नंतर जाऊ. तू नंतरवर टाकू नकोस. फक्त पुढच्या वेळी सांगून जा. निदान तू कुठे आहेस ते तरी आम्हाला ठाऊक असू दे.’’

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. पण कोल्हापूरकरानं मान वळवली आणि नदीकडे बघत बसला.

रात्री बसमध्ये नाशिककरानं हिशेब लावला. दंड धरून माणशी २८१ युरो. मी सवयीनं पाढा सुरू केला आणि मध्येच थांबले. पुढच्या महिन्यात मी एका बेकरीत शनिवार-रविवार काम धरलं आणि जास्तीचे पैसे भरून काढले. मास्टर्स संपलं, नोकरी लागली, आता कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो. नव्वदनं गुणायची खोड मात्र अजून गेलेली नाही. फरक एवढाच की कॉफी पिताना गुणते. घरी फोन करताना नाही. आणि पहिल्या बोनसमधून आई-बाबांना कोयनेला नेऊन आणलं.

तुम्हीही निघताय? हे लक्षात असू द्या

• स्टुडंट म्हणून फिरत असाल तर पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही ओरिजिनल जवळ हवेत. फोटोकॉपीवर काम भागत नाही.

• इटलीत साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये घालून छापून घ्या. ऑनलाइन तिकीट असेल तर चेक-इन करायला विसरू नका. आमच्या दंडाचा एवढा तरी उपयोग होऊ द्या!

• व्हेनिसमध्ये एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क सुरू झालं. जाण्याआधी तारखा तपासा.

• ईस्टरच्या रविवार-सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. खाण्याची सोय शनिवारीच करा. भाजणी जवळ असेल तर उत्तमच.

• फ्लॉरेन्सला गेलात तर घुमट बघाच. पण एक दुपार मोकळी ठेवा आणि कॅशिने बागेच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जा. जाताना एक फूल न्या.

• आणि हो, घरी सांगून जा.